जर-तरचं विमान: जानेवारी ते ऑक्टोबर

१३ ऑक्टोबर २०२४, रविवारी, लेस्टरजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी माझं पहिलं जर-तरचं विमान टेबलावर ठेवलं. लांबी पावणेअकरा सेंटिमीटर, पंखांचा पसारा सव्वाबारा. तिथवर पोचायला जवळजवळ नऊ महिने लागले. सुरुवातीला कुठून धरायचं हेच मला कळत नव्हतं, आणि मराठीत या वाटेवरचं काही वाचायला मिळालं नाही. म्हणून जसं घडलं तसं तारीखवार लिहून ठेवतोय.

जर-तरचं विमान म्हणजे काय, ते आधी. प्लॅस्टिकच्या किट जोडून खऱ्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यातच काहीजण न घडलेली विमानं करतात. अमुक इंजिन वेळेवर आलं असतं तर, तमुक करार मोडला नसता तर. इंग्रजीत त्याला व्हॉट-इफ म्हणतात. लांबून बघताना वाटतं की इथे मोकळं रान आहे, काहीही करा, कोण विचारणार? पण विचारतात. आणि विचारलं नाही तरी आपलं आपल्यालाच टोचत राहतं.

माझं लहानपण ओझरला गेलं. एचएएलच्या धावपट्टीवर मिगचं इंजिन चाचणीला लागलं की वर्गात बाई बोलायच्या थांबायच्या, आणि आवाज विरला की तोडलेल्या शब्दापासून पुढे शिकवायच्या. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. गेली अकरा वर्षं मी लेस्टरला असतो. इथून वीसेक किलोमीटरवर लटरवर्थ नावाचं गाव आहे. त्याच्या वेशीवरच्या चौकात एक बुटकं, गुबगुबीत विमान उभारलंय, पुढे पंखा नाही, नाकाच्या जागी नुसतं भोक. ग्लॉस्टर ई.२८/३९ ची ही पूर्ण आकाराची प्रतिकृती. ब्रिटनचं पहिलं जेट विमान. त्याचं इंजिन घडवणाऱ्या फ्रँक व्हिटलची कार्यशाळा याच गावात एका बंद पडलेल्या फाउंड्रीत होती. त्या चौकातून मी शेकडो वेळा गाडी नेली असेन. थांबलो पहिल्यांदा २० जानेवारी २०२४ ला.

थांबायचं कारण पाच पाउंड. आदल्या रात्री वाचलं होतं की व्हिटलने जेट इंजिनाचं पेटंट जानेवारी १९३० मध्ये मागितलं, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. १९३५ मध्ये नूतनीकरणाची फी पाच पाउंड होती. त्याच्याकडे तेवढे नव्हते, हवाई मंत्रालयाने भरायला नकार दिला आणि पेटंट गेलं. मला झोपच लागली नाही. ते पाच पाउंड कुणी भरले असते तर? १९४० च्या उन्हाळ्यात, लंडनवर बॉम्बफेकी विमानं येत असताना, जेट विमानांच्या तुकड्या वर झेपावल्या असत्या! रविवारी मी वहीत चित्रच काढून टाकलं: करडी-हिरवी लढाऊ विमानं, पंखांत चार मशीनगन, तुकडीचा क्रमांकसुद्धा ठरवला.

फेब्रुवारीत ती वही घेऊन मॉडेल क्लबच्या बैठकीला गेलो. तिथे एक आजोबा येतात, आयुष्यभर धातूशास्त्रात काम केलेले. त्यांनी पानं शांतपणे उलटली, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "तुमच्या इंजिनाची पाती कशाची?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता याचं मला वाईट वाटलं.

त्यांनीच क्यूचा रस्ता दाखवला. लंडनच्या पश्चिमेला क्यू इथे राष्ट्रीय अभिलेखागार आहे, द नॅशनल आर्काइव्ह्ज. हवाई मंत्रालयाच्या फायली तिथे एआयआर या अक्षरांखाली सापडतात, विमाननिर्मिती मंत्रालयाच्या एव्हीआयए खाली. मूळ कागद बघायचे तर वाचकाचं ओळखपत्र लागतं, ते फुकट मिळतं. आधी संकेतस्थळावर नाव-पत्ता भरायचा, मग प्रत्यक्ष जाऊन दोन पुरावे दाखवायचे, एक नावाचा, एक पत्त्याचा. मी पासपोर्ट आणि इथलं ड्रायव्हिंग लायसन्स नेलं. भारतातून येणाऱ्यांनी पत्त्याला काय चालतं याची यादी निघण्याआधी संकेतस्थळावर नीट वाचावी. माझ्यापुढच्या मुलीला नेमक्या त्याच कागदासाठी परत जावं लागलं. रविवार-सोमवार बंद असतं. फायली घरूनच आगाऊ मागवून ठेवा, नाहीतर अर्धा दिवस वाट बघण्यात जातो.

मी गेलो १४ मार्चला, गुरुवारी. लेस्टरहून परतीचं तिकीट तीन आठवडे आधी काढलं म्हणून ३८ पाउंडांत पडलं. पेन आत नेता येत नाही, फक्त पेन्सिल. खोडरबरही बाहेरच. सामान लॉकरमध्ये, हातात पारदर्शक पिशवी. आपल्या सीटच्या नंबरचा कप्पा असतो, त्यात फायली येऊन पडलेल्या असतात. फोमच्या उशांवर फाइल ठेवायची, हात स्वच्छ आणि कोरडे हवेत, हातमोजे लागत नाहीत. फोनवर फोटो काढायला परवानगी आहे, पैसे पडत नाहीत. मी २१२ फोटो काढले आणि कुठला फोटो कुठल्या फायलीचा हे लिहून ठेवलं नाही. पुढचे दोन शनिवार त्यातच गेले. प्रत्येक फायलीचा पहिला फोटो तिच्या क्रमांकाचा घ्या, एवढं तरी करा.

मराठेशाहीची किंवा कंपनी सरकारची कागदपत्रं शोधायला इंग्लंडला येणारे बरेचजण क्यूलाच जायला निघतात. इंडिया ऑफिसचे दप्तर तिथे नाही, ते ब्रिटिश लायब्ररीत आहे, सेंट पँक्रास स्टेशनच्या शेजारी. तिथलं वाचक-पत्र वेगळं काढावं लागतं.

त्या दिवशी एका फायलीत घडी घातलेला ट्रेसिंग पेपर निघाला. पिवळा पडलेला, घड्यांवर जवळजवळ फाटलेला, शाईने काढलेला आलेख. खाली तीन-चार जणांच्या आद्याक्षरांच्या सह्या, प्रत्येकाची शाई वेगळी, एकाची हिरवी. कागद कुणाच्या टेबलावरून कुणाकडे गेला ते त्या शाईंवरून दिसत होतं. मी बराच वेळ हात मांडीवर ठेवून नुसता बघत बसलो.

घरी आल्यावर वाचनाची दिशा बदलली. पुढचे सहा आठवडे विमान बाजूला ठेवलं आणि इंजिन वाचलं. व्हिटलचं पहिलं इंजिन १२ एप्रिल १९३७ ला रग्बी इथल्या बीटीएच कंपनीच्या कारखान्यात फिरलं, आणि सुरुवातीच्या चाचण्यांत ते आवरेना. इंधनाची झडप बंद केली तरी वेग वाढतच गेला, कारण आत सांडून साठलेलं इंधन जळत होतं. बाकीचे लोक पळाले. दहन हीच पुढची तीन वर्षं मोठी डोकेदुखी राहिली. इंधनाची नीट फवारणी करणारा बर्नर शेल कंपनीच्या आयझॅक ल्यूबॉककडून आला तो १९४० मध्ये.

मग पाती. ई.२८/३९ मधलं डब्ल्यू.१ इंजिन पहिल्या उड्डाणात मिनिटाला १६,५०० फेऱ्यांच्या मर्यादेत चालवलं. टर्बाइनची पाती त्या वेगाने फिरतात, आणि वर आगीतून आलेला वायू त्यांच्यावर आदळत असतो. असं तापलेलं पोलाद ओढलं गेलं की ते हळूहळू, कायमचं लांबतं. याला क्रीप म्हणतात. केसाएवढं लांबलं तरी पातं कवचाला घासतं, आणि त्यानंतर जे होतं ते काही सेकंदांत होतं. डब्ल्यू.१ ची पाती रेक्स ७८ नावाच्या पोलादाची होती. त्याहून पुष्कळ सरस अशी निकेलची मिश्रधातू, निमोनिक ८०, तयार झाली १९४०-४१ च्या सुमारास. पाच पाउंड भरून ती १९३५ मध्ये मिळाली नसती. पेटंटची पावती कपाटात राहिली असती, आणि इंजिन होतं तिथेच राहिलं असतं.

हे कळल्यावर चार-पाच दिवस फार उदास वाटलं. खरं सांगतो, सोडून द्यावं असं वाटलं. साताऱ्याहून आईचा फोन आला तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग जेवढं होण्यासारखं होतं तेवढंच कर की." तिला विमानांतलं काही कळत नाही. पण नऊ महिन्यांत मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला तोच.

म्हणून वळणाची जागा बदलली. पाच पाउंड खोडले. इंजिन एप्रिल १९३७ मध्ये फिरलं हे खरं; पण हवाई मंत्रालयाची पुरती खात्री पटली जून १९३९ मध्ये, वैज्ञानिक संशोधनाचे संचालक डेव्हिड पाय लटरवर्थला येऊन इंजिन चालताना बघून गेले तेव्हा. मधली दोन वर्षं व्हिटलच्या पॉवर जेट्स कंपनीकडे दुसरं इंजिन बांधण्याइतकेही पैसे नव्हते. एकच इंजिन मोडायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा बांधायचं. ती भेट वर्षभर आधी झाली असती तर? यात नवा धातू लागत नाही, कुणी देवदूत लागत नाही. एका माणसाने एका वर्षाआधी मोटार काढून लटरवर्थला यायचं, बस.

खरं पहिलं उड्डाण १५ मे १९४१ चं, क्रॅनवेलच्या तळावर, संध्याकाळी. वैमानिक गेरी सेयर, वेळ १७ मिनिटं. माझ्या इतिहासात ते मे १९४० मध्ये गेलं. आणि तरीही १९४० च्या उन्हाळ्यात जेटच्या तुकड्या आल्या नाहीत. कारण त्या इंजिनाला उड्डाणासाठी दहाच तासांची मंजुरी होती. क्रॅनवेलला १७ उड्डाणांत ते दहा तास संपले. शिवाय पहिल्या उड्डाणापासून लढणाऱ्या तुकडीपर्यंत किती काळ जातो हेही मोजलं. ब्रिटनमध्ये मे १९४१ ते जुलै १९४४, मीटिऑर हे ब्रिटनचं पहिलं लढाऊ जेट तुकडीत येईपर्यंत. जर्मनीचं हाइन्केल १७८ तर २७ ऑगस्ट १९३९ लाच उडालं होतं, तरी जर्मन जेट लढाईत उतरली १९४४ मध्ये. हा काळ मी कापला नाही. कापायचा मोह झाला होता.

आता किट. या विमानाची १:७२ मापाची एक जुनी, चेक बनावटीची किट निघालेली आहे, ती मी एप्रिलमध्ये जुन्या मालाच्या विक्रेत्याकडून १६ पाउंडांना घेतली. अठरा दिवसांनी खोकं आलं, आत कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, नाही. मी लिहिलं, फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. जुनी किट घेताना पैसे देण्याआधी सगळ्या भागांचा फोटो मागा, पारदर्शक भागांचा तर वेगळा मागा.

कॅनोपी घरीच केली. लाकडाचा नखाएवढा आकार कोरला, पॉलिश करत करत गुळगुळीत केला आणि काडीवर बसवला. मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण कापून चिमट्यात धरलं, गॅसपासून वीतभर वर. झाकण आधी आक्रसतं, मग थरथरतं, मग मधोमध तेलासारखं सैल लोंबतं. तो एक क्षण. तेव्हाच लाकूड खालून वर सरळ दाबायचं. अकरा फसल्या, बाराव्या वेळी जमलं. मुलगी शेजारी उभी राहून मोजत होती. खिडक्या सताड उघड्या ठेवा, धूर चांगला नसतो.

१५ मे ला, उड्डाणाला ८३ वर्षं झाली त्या बुधवारी, सुटी काढून लंडनला सायन्स म्युझियममध्ये गेलो. खरं विमान तिथे आहे, क्रमांक डब्ल्यू४०४१. प्रवेश फुकट, वेळेचं तिकीट आधी घेतलेलं बरं. रेल्वेचे ४१ पाउंड गेले. नाकाच्या भोकासमोर उभं राहिल्यावर कळतं की हवा आत शिरून वैमानिकाच्या दोन्ही अंगांनी मागे इंजिनाकडे जाते, म्हणजे नाकात बंदूक ठेवायला जागाच नाही. मूळ अटींत चार मशीनगनची सोय धरलेली होती, प्रत्यक्षात बसवल्या नाहीत. चाकं पंखांत मिटतात. म्हणून मी बंदुका चाकांच्या बाहेरच्या बाजूला नेल्या आणि जूनमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने पंखांत चार भोकं पाडली.

जुलैत रंग दिला. वर करडा आणि गडद हिरवा, खाली फिका करडा, १९४१ च्या ऑगस्टपासून लढाऊ विमानांना असे तसा. त्यात एक नियम होता: आपल्याच लोकांनी ओळखावं म्हणून शेपटीपुढे फिक्या हिरवट रंगाचा पट्टा आणि पंख्याच्या नाकाडाला तोच रंग. ब्रश हातात घेतला आणि थांबलो. या विमानाला पंखाच नाही. समोरून येणाऱ्याने आपलं विमान ओळखायचं कसं? अमेरिकेत एक्सपी-५९ए या पहिल्या जेटला जमिनीवर असताना खोटा पंखा लावायचे, कुणाला कळू नये म्हणून. म्हणजे पंखा नसणं हीच तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती. त्या रात्री रंग वाळत असताना मी पहिल्यांदा विचारलं की या विमानात बसून नेमकं कुणी, कुठे जायचं?

हिशेब मांडला. टाकीत ८० गॅलनच्या आसपास केरोसीन. डब्ल्यू.१ चा जोर ८६० पाउंड, आणि भूक राक्षसाची. पूर्ण जोराने जेमतेम अर्धा तास. दक्षिण किनाऱ्यावर १९४२ मध्ये जर्मन फॉके-वुल्फ विमानं समुद्रावरून खालून येऊन बॉम्ब टाकून पळत असत. माझं विमान त्यांना खालच्या उंचीवर गाठू शकलं नसतं. चार बंदुकांचं वजन घेतलं तर आणखीच नाही. मग ते कशाला उपयोगी पडलं असतं? वैमानिकांना जेट शिकवायला. मीटिऑरचं दोन आसनांचं प्रशिक्षण विमान १९४८ पर्यंत नव्हतं. पहिल्या मीटिऑरमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला एकट्यानेच वर जायचं होतं. थ्रॉटल पुढे केल्यावर जोर उशिराने येतो, उतरताना पंख्याचा अडथळा नसल्याने विमान वेग सोडत नाही, हे सगळं तिथेच कळायचं. वर्षभर आधी एका छोट्या, सौम्य विमानावर दहा-बारा जण हे शिकले असते, तर ते पुढच्यांना सांगू शकले असते.

२४ ऑगस्टला बंदुकांची भोकं पुट्टीने बुजवली. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून सगळा करडा रंग काढला. अॅक्रिलिक असेल तर निघतो, पण दोन तासांवर भिजवत ठेवू नका, पुट्टी मऊ पडते. मग प्रशिक्षण विमानांचा रंग दिला: वर तपकिरी आणि गडद हिरवा, खाली पिवळा. कोरडा झाल्यावर फोनमधला सायन्स म्युझियमचा फोटो शेजारी धरला. तोच रंग. चाचणीच्या विमानांनाही तेव्हा खालून पिवळाच देत. सात महिने फिरून मी जवळजवळ खऱ्या विमानापाशी आलो होतो. फरक एवढाच की चाचणी विमानाचं वर्तुळातलं पी अक्षर माझ्यावर नाही, त्या जागी तुकडीचं अक्षर आहे, आणि पंखाच्या मुळाशी बुटांनी रंग घासला गेलाय, कारण यात रोज कुणीतरी नवा चढतो.

प्रदर्शनाचा अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरला, टेबलाचे पाच पाउंड. जर-तरच्या विभागासाठी अर्जात एक चौकट असते: इतिहास कुठे वळला ते पन्नास शब्दांत लिहा. मला ते लिहायला नऊ दिवस लागले. जो हे करणार असेल त्याने ही चौकट किट उघडण्याआधी भरावी. माझे दोन महिने आणि एक रंगाचा थर वाचला असता. एकूण खर्च धरला तर किट १६, रंग २१, चिकटवायची अक्षरं-चिन्हं ६, दोन रेल्वेप्रवास ७९, टेबल ५. सगळे मिळून १२७ पाउंड.

प्रदर्शनाच्या रविवारी विमानाखाली छोटा आरसा ठेवला, पिवळं पोट दिसावं म्हणून. बरेचजण थांबले, पन्नास शब्दांचं कार्ड वाचलं, पुढे गेले. एका बाईंनी विचारलं की यात काल्पनिक काय आहे. मी घासलेला रंग दाखवला. त्यांनी वाकून पाहिला आणि त्यांच्या नवऱ्याला हाक मारून बोलावलं.

दुपारी आजोबा आले. कार्ड सावकाश वाचलं, मग आरशात बराच वेळ बघत राहिले.

"पाती?"

"रेक्स ७८," मी म्हटलं. "म्हणून दहाच तास."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि शेजारची रिकामी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.